निकाल लागला, पण तिला विचारलं कुणी?

  हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

सोयाबीनची रास झाल्यावर आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले. सगळ्या उठल्या, एक जण मात्र बसूनच राहिली. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी वारला. दोन लेकरं पदरात, आणि नवऱ्याच्या नावावर दीड एकर रान. तेराव्यानंतर भावकी घरात बसली. रान थोरला दीर कसणार आणि हिला वर्षाला खायापुरते दाणे देणार, असं ठरलं. ती म्हणाली, "बैठक माझ्याच घरात झाली ताई. चहा मीच केला. रिकामे कप उचलायला गेले तवा कळलं, काय ठरलं ते."

भावकीतली माणसं दुष्ट नाहीत. त्यांच्या मते त्यांनी न्यायच केला, बाईला उपाशी मरू दिलं नाही. पण ज्या गोष्टीचा निकाल लागतो ती गोष्ट जिची, तिलाच बाहेर ठेवून केलेला हा न्याय कसला? हा प्रश्न आजचा नाही. माणसं कादंबऱ्या लिहू लागली तेव्हापासून तो कादंबऱ्यांतही आहे. आज त्याच कादंबऱ्यांविषयी बोलू.

सगळ्यात आधी एक फार लांबची गोष्ट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खॅरिटॉन नावाच्या लेखकानं ग्रीक भाषेत ती लिहिली. आजच्या तुर्कस्तानात अफ्रोडिसियास नावाचं जुनं शहर होतं, तिथला तो. ग्रीक भाषेतल्या ज्या जुन्या कादंबऱ्या आज आपल्या हाती आहेत, त्यांत ही अगदी सुरुवातीची मानली जाते. तिची नायिका कॅलिरोई, एका मोठ्या सेनापतीची लेक. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. जळणारे लोक नवऱ्याचे कान भरतात, तुझ्या बायकोकडे कुणी तरी येतं म्हणून. नवरा रागाच्या भरात तिच्या पोटात लाथ मारतो. ती निपचित पडते. मेली असं समजून सगळे तिला थडग्यात ठेवतात.

नवऱ्यावर खटला उभा राहतो. तो स्वतःच म्हणतो, मला दगडांनी ठेचून मारा. पण पोरीचा बापच उठून सांगतो, त्याला सोडा, त्यानं मुद्दाम केलं नाही. नवरा सुटतो. बैठकीत हे सांगितलं तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी तवाबी असंच व्हतं की!" आम्ही पुढं सांगितलं की पोरगी मेलेलीच नव्हती, तेव्हा मावशींनी कपाळाला हात लावला.

थडगं फोडायला आलेले चोर तिला जिवंत बघतात आणि दूर देशी नेऊन विकतात. तिला दिवस गेलेले असतात, नवऱ्यापासूनच. लेकरासाठी ती तिथल्या एका मोठ्या माणसाशी लग्न करते. पुढं पहिला नवरा शोधत येतो, आणि ही नेमकी कुणाची बायको हे ठरवायला प्रकरण थेट इराणच्या बादशहाच्या दरबारात जातं. बादशहा तिला बघतो आणि त्याचंच मन तिच्यावर जातं. तो तारखा पुढं ढकलत राहतो. दोन नवरे भांडतात, न्यायाधीश स्वतःच लोभात पडलेला, आणि ती मधे उभी राहून रडते. शेवटी लढाई पेटते आणि निकाल राहूनच जातो. लढाईच्या धामधुमीत पहिल्या नवऱ्याला ती परत मिळते. गोष्ट गोड होते, पण ती गोड केली ती दैवानं आणि देवीनं. दरबारातून तिला काहीच मिळालं नाही. आणि लाथेचा हिशोब? तो कुणीच काढला नाही.

आता आपल्या मराठीकडं येऊ. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', बाबा पदमनजी यांची, 1857 सालची. तिच्या आदल्याच वर्षी, 1856 मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल बघते. बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकात धर्माचा उपदेश बराच आहे. तेवढा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मोठी आहे. आपल्या भाषेतली कादंबरी सुरू झाली ती राजाराणीच्या गोष्टीनं नाही, विधवेच्या दुःखानं. तो कायदाही पुरता बाईच्या बाजूचा नव्हता बरं का. विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जायचा, असं त्यातच लिहिलं होतं.

पुस्तकाबाहेरही खटले चालू होते. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला फाशी सुनावली गेली. लोकलाजेपायी तिनं आपलं नवजात मूल मारलं होतं. पुढं शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांत बायकांच्या जातीलाच नावं ठेवणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे उसळल्या आणि 1882 मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता: जे दोष बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय? ही कादंबरी नाही, पण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. बुलढाणा काही पुण्या-मुंबईसारखं मोठं शहर नव्हतं. आपल्यासारख्याच भागातल्या बाईनं हे लिहिलं याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, त्या नांदायला गेल्या नव्हत्या. 1884 मध्ये नवऱ्यानं दावा लावला. 1885 मध्ये एका न्यायाधीशानं रखमाबाईंच्या बाजूनं कौल दिला, वरच्या न्यायालयानं तो फिरवला. 1887 मध्ये हुकूम निघाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. ग्रीक कादंबरीतल्या बाईला रडण्याशिवाय काही करता आलं नाही. ही बाई वर्तमानपत्रात पत्रं लिहून स्वतःची बाजू मांडत होती.

मग 1890 उजाडलं. हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी येऊ लागली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. यमू नावाची पोरगी स्वतःच आपली कथा सांगते. लहानपण, माहेर, सासर, सगळं घरातल्या साध्या बोलीत. नवरा रघुनाथ भला आहे, मुंबईच्या बिऱ्हाडात ती मोकळा श्वास घेते. आणि मग तो जातो. सासरी शंकरमामंजींचं राज्य असतं. यमू नको नको म्हणत असताना तिचे केस काढले जातात. पुढं ती फार दिवस जगत नाही.

इथं कुठला बादशहा नाही, देवी नाही, शेवट गोड करणारी लढाई नाही. कोर्टही नाही, कारण घरातल्या गुन्ह्याची फिर्याद न्यायची कुठं? म्हणून यमू वाचणाऱ्यालाच सगळं सांगते. आमच्या मते आपट्यांनी न्यायाधीशाची खुर्ची वाचकाला दिली. पुस्तकाचं नावच बघा ना. बाईचा आवाज पुरुषानं लिहिला, अशी तक्रार कुणी करेल, आणि ती खोटी नाही. पण तो आवाज घरोघरी गेला हेही खरं. त्याच 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांचे केस आपण काढायचे नाहीत. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

बैठकीत कुणी म्हणेल, आमच्यात केस काढायची रीत नव्हती, आमच्यात पाट लागायचा. बरोबर आहे. पण बांगड्या आमच्यातही फुटतात, कुंकू आमच्यातही पुसतात, आणि हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला, आणि त्यानंतर सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. तुमच्या गावचा ठराव झाला का, तेवढं ग्रामसभेत विचारा.

आता आमच्या त्या बाईकडं परत. त्या दिवशी आम्ही तिला वकिली सल्ला दिला नाही, आधी तिलाच विचारलं, तुला काय पाहिजे? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रान मीच कसीन. दीर मदतीला आले तर येऊ देत."

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीत विधवा, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखा हक्क आहे. मुलीचा वाटा मुलाइतकाच. त्यासाठी तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा जोडायचा. फेरफाराची नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, खरा घोळ तिथंच होतो.

सासूबाईंचंही नाव लागणार म्हटल्यावर घरातला ताण बराच उतरला. अर्ज लिहिताना पहिल्या ओळीत काय लिहायचं म्हणून तिनं विचारलं. आम्ही म्हटलं, तुझं नाव. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं, अंगठा दिला नाही. पोच गटाच्या पेटीत, पासबुकांच्या खाली ठेवली आहे. नोटिशीचे पंधरा दिवस अजून संपायचेत. भावकीनं पुन्हा बैठक बोलावली आहे. या खेपेला चहा दीर करणार आहेत, असं तिची धाकटी लेक सांगत होती.