‘रन’ म्हणजे केवळ ‘धावणे’ नव्हे

चौथीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर एक वाक्य लिहितात : ‘द टॅप इज रनिंग.’ ‘रन म्हणजे धावणे’ हे त्यांनी आदल्याच आठवड्यात मुलांकडून पाठ करून घेतलेले असते. एक मुलगी उत्साहाने उभी राहते व सांगते, ‘नळ धावत आहे.’ वर्ग हसतो, शिक्षकांनाही हसू आवरत नाही. मुलगी खाली बसते आणि पुढे कित्येक दिवस इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर येत नाही.

असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो. तो घडला असता चूक कोणाची, याचा विचार शिक्षकाने शांतपणे करावयास हवा. मुलीला जे शिकविले गेले, तेच तिने प्रामाणिकपणे वापरले. उणीव होती ती शिकविण्याच्या रीतीत. एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द मांडला की तो शब्द शिकवून झाला, ही समजूत त्या उणिवेच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासून शिकविला जात आहे. त्यामुळे ही समजूत दूर करण्याची जबाबदारी प्राथमिक शिक्षकावरच येऊन पडली आहे.

शब्दकोशाची साक्ष

इंग्रजी शब्दांचा इतिहास सांगणारा ऑक्सफर्डचा बृहत्कोश १८८४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागला व १९२८ मध्ये पुरा झाला. त्या आवृत्तीत सर्वांत अधिक जागा ‘सेट’ या इवल्याशा क्रियापदाने व्यापली होती. पुढे कोशाचे नव्याने संपादन सुरू झाले आणि २०११ मध्ये ‘रन’ने तो मान पटकावला. केवळ क्रियापद म्हणून या शब्दाचे ६४५ अर्थ तेथे नोंदविले गेले. पीटर गिलिव्हर या संपादकांना या एका शब्दाच्या कामास सुमारे नऊ महिने लागले.

ज्या शब्दाला जाणत्या संपादकाचे नऊ महिने द्यावे लागले, तो एका ओळीत शिकविता येत नाही, हे उघड आहे. तथापि ६४५ या आकड्याने शिक्षकाने गांगरून जाण्याचेही कारण नाही. हे अर्थ विस्कळीत नाहीत. एका बुंध्याला फांद्या फुटाव्यात तसे ते एकातून एक निघाले आहेत. त्यांतील चार-पाच मुख्य फांद्या ओळखल्या, की प्राथमिक शाळेपुरते काम भागते.

एका बुंध्याच्या फांद्या

पहिली फांदी पायांच्या गतीची होय. मुलगा धावतो, कुत्रा धावतो, घोडा धावतो. ही सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी फांदी प्रवाहाची. पाणी ‘रन’ होते म्हणजे वाहते. नाक ‘रन’ होते म्हणजेही वाहते. नवे लुगडे धुताना रंग ‘रन’ झाला, म्हणजे तो सुटून पसरला. हा अर्थ मागाहून ओढूनताणून जोडलेला नाही. इंग्रजीच्या भगिनीभाषेत, जर्मनमध्ये, ‘रेनेन’ म्हणजे धावणे व ‘रिनेन’ म्हणजे वाहणे असे दोन जवळचे शब्द आजही आहेत. धावणे व वाहणे या दोन्ही कल्पना या शब्दकुळात फार पूर्वीपासून एकत्र नांदत आल्या आहेत.

तिसरी फांदी यंत्रांची. एंजिन, पंप, घड्याळ, आगगाडी ही सर्व ‘रन’ होतात. यंत्रयुग आले, कारखाने व लोहमार्ग वाढले, आणि त्यांच्याबरोबर या शब्दाचा व्यापही वाढला. ‘रन’च्या अर्थांची संख्या एवढी फुगण्याचे हे एक मोठे कारण होय.

चौथी फांदी कारभाराची. ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालविते. येथे कोणी कोठे पळत नाही. यंत्र चालू ठेवावे तसा व्यवहार चालू ठेवणे, असा हा अर्थ आहे.

पाचवी फांदी विस्ताराची. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीकाठाने जातो. रस्ता जागचा हलत नाही, परंतु पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावरून पुढे पुढे सरकते. त्या दृष्टीची गती रस्त्याला दिली गेली आहे.

यांखेरीज काही प्रयोग रूढीने ठरून गेले आहेत. ‘द वेल हॅज रन ड्राय’ म्हणजे विहीर आटली. ‘ही इज रनिंग अ फीव्हर’ म्हणजे त्याच्या अंगात ताप आहे. असे प्रयोग सुटे करून न समजाविता अखंडच शिकवावेत.

मराठीतील ‘चालणे’ आणि ‘धाव’

‘नळ धावत आहे’ या उत्तराला हसण्यापूर्वी मराठीच्या अंगणात डोकावून पाहावे. मराठीत गिरणी चालते, घड्याळ चालते, शाळा चालते. न्यायालयात खटला चालतो, बाजारात नाणे चालते. हुशार मुलाचे डोके चालते, आजारी मुलाचे पोट चालते. पाहुण्याला ‘चहा चालेल का?’ असे विचारले जाते. यांपैकी एकालाही पाय नाहीत. इंग्रजांचे यंत्र धावते व मराठी माणसाचे चालते, एवढाच काय तो फरक. मराठी शिकणारा एखादा परप्रांतीय ‘गिरणी चालते’ हे ऐकून ती कोठे निघाली असे विचारील, तर त्याचा प्रश्न त्या मुलीच्या उत्तराहून वेगळा ठरणार नाही.

खुद्द ‘धाव’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. क्रिकेटमधील धाव मुलांना ठाऊकच असते. बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्ट्यालाही धाव म्हणतात. मोटेने पाणी काढीत, त्या काळी विहिरीजवळ बैल ज्या उतारावरून खाली जात, ती मोटेची धाव. संकटात मदतीला येणारा ‘धाव घेतो’. संस्कृतच्या धातुपाठात ‘धाव्’ या धातूचे गती व शुद्धी असे दोन अर्थ दिले आहेत. धुतलेले या अर्थाचा ‘धौत’ हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे एका शब्दात अनेक अर्थांनी नांदावे, ही इंग्रजीची लहर नसून भाषामात्राचा स्वभाव आहे. गावातील वृद्ध माणसांकडून ‘धाव’चे अर्थ गोळा करून आणलेल्या मुलाला ‘रन’चे अर्थ परके वाटणार नाहीत.

अर्थ कळतो सोबतीवरून

मग इतक्या अर्थांतून नेमका अर्थ वाचकाला कळतो कसा? तो शेजारच्या शब्दांवरून कळतो. माणसाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, तशीच शब्दाची. ‘रन’ दिसताच मुलांनी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कोण ‘रन’ होते? मुलगा असेल तर धावतो, पाणी असेल तर वाहते, पंप असेल तर चालतो, रस्ता असेल तर जातो. निम्म्याहून अधिक वाक्ये या एकाच प्रश्नाने उलगडतात.

दुसरा प्रश्न : या क्रियापदाला कर्म आहे काय? मराठीत ‘चालणे’ व ‘चालविणे’ अशी दोन रूपे असल्याने हा भेद कानालाच कळतो. इंग्रजीत रूप बदलत नाही, केवळ शब्दांची जागा बोलते. ‘द पंप रन्स’ म्हणजे पंप चालतो आणि ‘ही रन्स द पंप’ म्हणजे तो पंप चालवितो. मराठी मुलांना हा फरक मुद्दाम दाखवावा लागतो.

तिसरा प्रश्न : मागोमाग कोणता लहान शब्द आला आहे? ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे. ‘रन इन्टू’ म्हणजे आदळणे किंवा अवचित गाठ पडणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून वाहन जाणे. क्रिकेटमधील ‘रन आउट’, म्हणजे धावचीत, मुलांच्या तोंडी असतेच. परंतु ‘वी हॅव रन आउट ऑफ ऑइल’ या वाक्यात कोणी बाद झालेले नाही, घरातील तेल संपले आहे. हे लहान शब्द अर्थाचे सुकाणू होत. ते वगळून केलेले भाषांतर बहुधा फसते.

वर्गात काय करावे

१. नवा शब्द शक्यतो सुटा न देता लहान वाक्यातून द्यावा. ‘रन – धावणे’ असे लिहून घेण्याऐवजी ‘द बॉय रन्स’ हे वाक्य कृतीसह शिकवावे.

२. सर्व अर्थ एकाच वेळी देऊ नयेत. प्रथम धावणे, मग बस व पंप, त्यानंतर वाहते पाणी, आणि वरच्या वर्गात दुकान चालविणे व ‘रन आउट’ असा क्रम सोयीचा पडतो.

३. फळ्याच्या मध्यभागी ‘रन’ लिहून भोवती मुलगा, पाणी, पंप, रस्ता, दुकान यांची साधी चित्रे काढावीत. प्रत्येक चित्राखाली योग्य मराठी क्रियापद मुलांकडूनच वदवून घ्यावे. त्यामुळे एका इंग्रजी शब्दाला पाच मराठी शब्द लागतात, हे मुले स्वतः शोधून काढतात.

४. घरचा अभ्यास म्हणून ‘लागणे’ या क्रियापदाची वाक्ये जमवून आणावयास सांगावीत. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, कोणी मामा लागतो. वही भरली, की शब्द अनेकार्थी असतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

५. वह्या तपासताना अर्थाच्या चुकीवर केवळ लाल फुली मारू नये. ‘येथे कोण रन होते?’ एवढा प्रश्न समासात लिहावा. उत्तर बहुधा मूल स्वतःच सुधारते.

ज्या घरात इंग्रजीचा शब्द कानावर पडत नाही, त्या घरातील मुलाला शिक्षक हाच शब्दकोश असतो. तो कोश मुलाला हसला, तर मूल तो पुन्हा उघडीत नाही.

म्हणून ‘नळ धावत आहे’ असे उत्तर आले, की शिक्षकाने विचारावे, ‘नळाला पाय असतात का ग? मग नळाचे काय होत असेल बरे?’ मुलगी क्षणभर विचार करील आणि म्हणेल, ‘गुरुजी, नळ चालू आहे. पाणी वाहतंय.’ त्या दिवशी तिला ‘रन’चा एक नवा अर्थ तर कळेलच, पण शब्द कळला नाही तर आजूबाजूला पाहून तो शोधता येतो, हेही तिला उमगेल. पुढील तासाला तिचा हात पुन्हा वर येईल.