पट्टीचा पोहणारा पुरेसा नाही

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून अधिक माणसे बुडाली. मदत गावातलीच होती. नेणाऱ्यांच्या धाडसाबद्दल शंका नाही, पण बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. ‘बोट भरली, आता पुढच्या खेपेला’ असे गावातल्या वडीलधाऱ्याला तोंडावर सांगायला अधिकार लागतो. तो अंगच्या ताकदीतून येत नाही. आधीच झालेल्या नेमणुकीतून आणि सरावातून येतो. आपल्याकडे धावून जाणारे खंडीभर आहेत. त्या वेळी कोणाचे ऐकायचे, एवढेच ठरलेले नसते.

खरे तर या मुलखाला अशी शिस्त नवी नाही. ३ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’ चळवळीत, याच भागातल्या तासगावच्या कचेरीवर मोठा मोर्चा गेला. पुढे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची तुफान सेना उभी राहिली, तिचे ठाणे जवळच्या कुंडलला, तेव्हाच्या औंध संस्थानात. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल. शेतकऱ्यांच्या पोरांना हुद्दे कशाला, असे आज वाटेल. पण हुकूम कोणी द्यायचा आणि कोणी पाळायचा हे त्या हुद्द्यांनीच ठरत होते.

तसेच आजही गावोगावी नेमलेले, सराव केलेले बचाव पथक हवे. हे सरकारचे काम, लोकांनी का करावे, असा पहिला आक्षेप येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, राज्याचे दल धुळे आणि नागपूरला. रस्ते पाण्याखाली गेल्यावर ती पोहोचेपर्यंतचे तास शेजाऱ्यालाच निभवावे लागतात. सरकारलाही हे मान्य आहे. नागरी संरक्षणाचा १९६८ चा कायदा मुळात युद्धकाळासाठी होता, २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्तीही आली. २०१६ पासूनच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. पुढे देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट धरले गेले. पण १२ दिवसांत शिकलेला हात वर्षभर रिकामा राहिला की विसरतो.

दुसरा आक्षेप अस्सल तासगावचा: आमच्याकडे पाण्याची ओरड, पुराचे काय घेऊन बसलात? म्हणूनच प्रशिक्षण इथल्या धोक्यांचे हवे. द्राक्षबागांतली शेततळी घ्या. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की उतारावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही काठाला येऊन पुन्हा खाली घसरतो. त्याच्यामागे उडी मारणारा बहुधा दुसरा बळी. शिकलेला माणूस उडी मारत नाही. तो काठावर पालथा पडतो, दोराचे एक टोक पक्के बांधतो आणि दुसरे बुडणाऱ्याच्या खांद्यापलीकडे टाकतो, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येतो. तळ्यात गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असला तर एवढेही करावे लागत नाही. बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी, इथल्या गणपतीच्या रथोत्सवात रथ ओढायच्या दोराभोवतीची गर्दी, हेही याच अभ्यासक्रमातले विषय.

अशा पथकाचे हळूहळू पुढाऱ्याचे टोळके होईल, ही भीती मात्र मला अनाठायी वाटत नाही. प्रतिसरकारलाही त्याच्या शिक्षांवरून लोकांनी ‘पत्री सरकार’ म्हटलेच ना? म्हणून पथक तहसीलदारांच्या नोंदवहीत हवे, ओळखपत्र आणि विमा हवा, आणि काम फक्त जीव वाचवण्याचे, दंडुका नको. उरतो वेळेचा प्रश्न. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून शिबिर लावले, तर बागायतदाराचे घर बेदाण्यात गुंतलेले असते आणि हजेरीपटावर तेवढ्या सह्या दिसतात. बेदाण्याचा हंगाम आटोपल्यावर, मृगाच्या आधी ते ठेवले, आणि रथोत्सवाच्या आधी एक दिवस उजळणी घेतली, तर पोरे येतील.