शिकवणीविरुद्ध जाहीर बोलणाऱ्या कॅथलिकाला वाळीत टाकता येतं का? चर्चचा नियम आणि सरकारचा कायदा काय म्हणतो

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून कॅथलिक कुटुंबं मिळेल त्या वाहनानं तिथं जातात, हिंदू कुटुंबंही नवस फेडायला येतात. आता समजा, अशाच एका कॅथलिक घरातला कर्ता माणूस चारचौघांत उभा राहून म्हणाला, की मरियेपुढं हात जोडणं ही मूर्तिपूजा आहे, आणि फादरपुढं पापनिवेदन करायची काही गरज नाही, थेट देवाशी बोला. बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमधला, लग्न तिथंच लागलेलं, पोरं दर रविवारी मिस्साला. आणि बोलणं हे असं. मग वस्तीवरच्या बाकीच्या कॅथलिकांनी काय करायचं?

आपल्याकडं गावकीचं उत्तर ठरलेलं असतं. त्याच्याकडं जाणं-येणं बंद. लग्नाची पत्रिका द्यायची नाही, दुखवट्याला जायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही. हे काही ख्रिस्ती लोकांनीच काढलेलं नाही. जातपंचायतीपासून भावकीपर्यंत सगळीकडं हाच जुना उपाय चालत आलेला आहे. पण कॅथलिक धर्माच्या नियमात असा उपाय नाही, आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. या दोन्ही गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात, म्हणून नीट पाहू.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. चर्चमधल्या कुणाशीही वाद म्हणजे चर्चच्या शिकवणीला विरोध नव्हे. देवळाच्या जमिनीचा हिशेब मागणं, शाळेतल्या भरतीबद्दल तक्रार करणं, फादरांच्या वागण्याबद्दल बिशपांना पत्र लिहिणं, यात शिकवणीचा संबंधच नाही. उलट कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ साली लागू झालेला कॅनन लॉ, त्याच्या २१२व्या कलमात सांगतो, की चर्चच्या भल्याबद्दलचं आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधी कधी ते त्यांचं कर्तव्यसुद्धा आहे. अट एवढीच, की श्रद्धा आणि नीती शाबूत ठेवून, आदर राखून बोलावं. हिशेब विचारणाऱ्याला 'धर्मविरोधी' ठरवून गप्प बसवणं ही चलाखी आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे.

खऱ्या शिकवणीतही सगळ्या गोष्टी एका पायरीवर नसतात. येशू मेलेल्यांतून उठला, देव एक आणि त्रैक्य, हा पाया. पवित्र प्रतिमांना मान देणं योग्य आहे, पण पूजा फक्त देवाची, हे ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं. म्हणजे वर म्हटलेल्या माणसाला उत्तर साडेबाराशे वर्षांपूर्वीच देऊन झालंय. पापनिवेदनाच्या संस्काराबद्दल ट्रेंटच्या परिषदेनं १५५१ साली स्पष्ट निर्णय दिला. मग फाशीच्या शिक्षेसारखे विषय येतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातला मजकूर बदलून फाशी मान्य नाही असं सांगितलं. तरीही एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर 'लटकवा त्याला' म्हणणारे कॅथलिक भरपूर सापडतात आणि त्यांना कुणी धर्मबुडवे म्हणत नाही. मरियेबद्दल बोलणाऱ्यावर तुटून पडायचं आणि फाशीवाल्याबरोबर चहा प्यायचा, हे थोडं तपासून बघण्यासारखं आहे.

आता मुख्य प्रश्न. चुकलेल्या भावाशी कसं वागायचं याचा क्रम मत्तयच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात आहे. आधी एकट्यानं त्याच्याकडं जायचं आणि त्याची चूक त्याला सांगायची. ऐकलं नाही तर एक-दोन जण बरोबर घ्यायचे. तेही ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. बांधावरच्या भांडणात शहाणी माणसं हेच करतात. मोजणी आणायच्या आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतात, मग गावातली दोन वडीलधारी घेऊन जातात. पण धर्माच्या बाबतीत पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारली जाते, कारण पहिली पायरी अवघड आहे. समोरासमोर बसावं लागतं, त्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी आपल्यालाही आपला धर्म थोडा माहीत असावा लागतो.

वाळीत टाकणारे याच अध्यायातलं पुढचं वाक्य दाखवतात. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्या माणसासारखा किंवा जकातदारासारखा होवो, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. झालं, म्हणजे टाका वाळीत! पण येशू स्वतः जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या घरी जेवला. लोकांनी त्याला नावं ठेवली ती त्याचसाठी. आणि परंपरा सांगते, की हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतःच जकातदार होता. तेव्हा या वाक्याचा अर्थ एवढाच निघतो, की हा माणूस आता आपल्या श्रद्धेत एक नाही हे मान्य करा, आणि बाहेरच्या माणसाला जसं प्रेमानं पुन्हा बोलावता तसं त्याला बोलवा.

पंगतीचा विषय निघालाच आहे तर दुसरं उदाहरणही तिथलंच. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. पेत्र म्हणजे प्रेषितांतला प्रमुख. तो आधी यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमकडची काही माणसं आली तशी त्यानं त्यांच्या भीतीनं पंगत बदलली. पौलानं सगळ्यांसमोर, तोंडावर त्याला सुनावलं. म्हणजे जाहीर बोलणं नेहमीच चूक नसतं. थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात हेच सूत्र मांडलं. लपून झालेली चूक आधी खासगीत सांगावी, उघड झालेली चूक उघड दुरुस्त करता येते, आणि श्रद्धेला धोका असेल तर खालच्या माणसानं वरच्यालाही जाहीर सांगावं. पौलानं पेत्राला सांगितलं, पण त्याच्याबरोबरची पंगत सोडली नाही. मुळात भांडण पंगत सोडण्याविरुद्धच होतं.

म्हणून एखादा जाहीर बोलला आणि ऐकणाऱ्या पोरासोरांचा गोंधळ उडाला, तर जाहीर उत्तर द्यावं. पण उत्तर त्याच्या म्हणण्याला द्यावं. त्याच्या बायकोचं माहेर, त्याच्या धंद्यातली उधारी, त्याच्या बापानं काय केलं होतं, हे मध्ये आणायचं काम नाही. चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ २४७७ आणि २४७८ या परिच्छेदांत सांगतो, की पुराव्याशिवाय दुसऱ्याला दोषी मानणं पाप आहे, खरी असली तरी त्याची उणीव विनाकारण पसरवणं हेही पाप, आणि दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावावा. चांगला अर्थ लावता येत नसेल तर त्यालाच विचारावं, तुला नक्की काय म्हणायचंय. कॅनन लॉचं २२०वं कलमही कुणाच्या चांगल्या नावाला बेकायदा धक्का लावायला मनाई करतं.

आता तो शब्द, ज्यानं सगळा घोळ होतो. इंग्रजीत ज्याला एक्सकम्युनिकेशन म्हणतात त्याला मराठीत लोक सरसकट 'बहिष्कार' म्हणतात. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं, की चर्चनंच वाळीत टाकायला सांगितलंय. तसं नाही. त्या शिक्षेत माणसाला संस्कार घेता येत नाहीत, चर्चची जबाबदारीची पदं सांभाळता येत नाहीत. त्याच्याशी बोलू नका, त्याला गिरणीत दळण देऊ नका, असं त्यात कुठंही नाही. मिस्साला येऊन बसायला त्याला मनाई नाही. आणि या शिक्षेला चर्च औषध मानतं, माणूस परत यावा म्हणून दिलेलं. पाखंड म्हणजे काय, हेही ७५१व्या कलमात मोजून सांगितलंय. बाप्तिस्मा झालेल्या माणसानं श्रद्धेचं सत्य हट्टानं नाकारणं. यात 'हट्टानं' हा शब्द महत्त्वाचा. माहीत नसणं, गोंधळणं, रागात बोलून जाणं म्हणजे पाखंड नव्हे. आणि हट्ट आहे की नाही हे धर्मग्रामातली चार माणसं ठरवत नाहीत. ते काम बिशपांचं. नगर जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो, तेव्हा इथल्या बाबतीत नाशिकच्या बिशपांचं.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते शेजारच्या श्रीलंकेत दिसलं. फादर तिस्सा बालसूरिय यांनी १९९० साली मरिया आणि मानवमुक्ती या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात मूळ पापाची शिकवण, मरियेबद्दलची शिकवण यांवर प्रश्न होते. तिथल्या बिशपांनी आक्षेप घेतला, प्रकरण रोमला गेलं, पत्रव्यवहार झाला. रोमनं त्यांच्यासाठी लिहून दिलेल्या श्रद्धाकथनावर त्यांनी सही केली नाही. जानेवारी १९९७ मध्ये त्यांना एक्सकम्युनिकेशनची शिक्षा झाली. म्हणजे पुस्तक आल्यापासून शिक्षेपर्यंत सहा-सात वर्षं गेली. आणि पुढं? बोलणी झाली, पोप सहावे पॉल यांच्या श्रद्धाकथनावर फादरांनी सही केली, आणि जानेवारी १९९८ मध्ये शिक्षा उठली. एका वर्षात. २०१३ साली ते वारले. त्यांच्याशी बोलणंच बंद झालं असतं तर ती सही कुणी घेतली असती?

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. मुंबईत जन्मलेले येशूसंघी फादर अँथनी डिमेलो यांच्या गोष्टींची पुस्तकं जगभर वाचली जातात. लोणावळ्याची साधना इन्स्टिट्यूट त्यांचीच. १९८७ साली ते वारले आणि ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमनं जाहीर केलं, की त्यांच्या लिखाणातल्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. त्याच निवेदनात त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणाचा लोकांना उपयोग झाल्याचंही मान्य केलं होतं. नंतरच्या काही आवृत्त्यांत सूचना छापली गेली, की ही पुस्तकं अनेक धर्मांच्या वातावरणात लिहिलेली आहेत, कॅथलिकांना धर्मशिक्षण देण्यासाठी नाहीत. पुस्तकं आजही मिळतात. चूक कुठं आहे ते सांगितलं आणि चांगलं ते चांगलं म्हटलं, असा तो प्रकार. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही ही बोच मात्र त्यांच्या वाचकांना राहिली, आणि ती रास्त आहे.

बिशपांमध्येही एकमत असतंच असं नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी कॅथलिक आणि गर्भपाताच्या हक्काच्या जाहीर समर्थक. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी त्यांना आपल्या धर्मप्रांतात ख्रिस्तप्रसाद घ्यायला मनाई केली. वॉशिंग्टनच्या आर्चबिशपांनी तशी मनाई केली नाही. तिथंही निर्णय बिशपांनी घेतला. रांगेत मागं उभ्या असलेल्यानं त्यांचा हात धरायचा नसतो.

धर्मग्रामात फादर काही गोष्टी करू शकतात. शिकवणीविरुद्ध बोलणाऱ्याला पोरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गावरून बाजूला करता येतं, बाप्तिस्म्यात त्याला धर्मपिता म्हणून नाकारता येतं. हा त्याच्यावर अन्याय नाही. जे मान्य नाही ते शिकवायला कुणी का बसवावं?

पण यापलीकडं जाऊन लोकांनी बैठक घेऊन 'याच्याशी व्यवहार बंद' असं ठरवलं, तर मामला पोलीस ठाण्यात जातो. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा जातपंचायतींमुळं आला असला तरी तो जातीपुरता नाही, एका धर्माच्या लोकांचा समूहही त्यात येतो. त्याआधी १९४९ साली मुंबई राज्यानं धार्मिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रमुखांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धार्मिक कारणानं बहिष्कृत करण्याचा धर्मप्रमुखांचा अधिकार न्यायालयानं तेव्हा मान्य केला. २०२३ साली त्या निकालाचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडं गेला. वस्तीतल्या लोकांनी किराणा बंद करण्याचा अधिकार मात्र त्या निकालातही कुणाला मिळालेला नव्हता.

सगळ्यात नाजूक वेळ येते ती मयताला. कुणीतरी म्हणतं, हा मरियेला शिव्या घालायचा, याला आपल्या दफनभूमीत जागा नाही. घरात प्रेत, बाहेर वाद. कॅनन लॉचं ११८४वं कलम उघड पाखंड्याला चर्चचा अंत्यविधी नाकारतं हे खरं. पण मरण्याआधी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर नाकारता येत नाही. शेवटच्या दिवसांत फादरांना बोलावलं, हातात जपमाळ घेतली, एवढंही त्यात धरता येतं. आणि शंका असेल तर बिशपांना विचारायचं आणि ते सांगतील तसं करायचं, असं त्याच कलमात लिहिलंय. एक फोन करायचा असतो. तोवर खड्डा खणायला जाणाऱ्या पोरांना कुणी अडवू नये.