सुरतमध्ये बस पकडायची तर आधी रस्ता ओलांडा! पायी माणसासाठी रस्ता सुरक्षित कसा होतो, समजून घ्या

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आपली मराठी वस्ती मोठी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली माणसं इथे लूम्सवर, डाइंग मिलमध्ये आणि रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये कामाला जातात. यातले बरेच जण पायी, सायकलने, नाहीतर बसने जातात. देशभरात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 लोक गेले. त्यातले 32,825 जण पायी चालणारे होते. म्हणजे दर पाचात जवळपास एक.

बस मध्यभागी, माणूस कडेला

जानेवारी 2014 मध्ये उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी हा सुरतचा पहिला बीआरटीएस मार्ग सुरू झाला. बसला स्वतंत्र लेन मिळाली, प्रवास स्वस्तात होऊ लागला. पण बीआरटीएसचं स्टेशन असतं रस्त्याच्या मधोमध. त्यामुळे बसमध्ये चढायला अर्धा रस्ता ओलांडायचा, उतरल्यावर पुन्हा अर्धा. जाऊन-येऊन रोजचे चार वेळा. बस कितीही चांगली असली तरी हा टप्पा पायीच पार करावा लागतो, आणि खरी जोखीम तिथेच आहे.

हिशोब साधा आहे

एका बाजूला तीन लेन धरा. एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे रुंदी साडेदहा मीटर. साधारण चालीने माणूस सेकंदाला 1.2 मीटर जातो. ओलांडायला लागले नऊ सेकंद. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात 125 मीटर पुढे येते. 30 च्या वेगाने आली तर 75 मीटर. गर्दीच्या रस्त्यावर 125 मीटरची मोकळी जागा मिळणार कधी? म्हणून लोक वाट पाहून कंटाळतात आणि धावत सुटतात. कडेवर मूल असलेली बाई किंवा म्हातारा माणूस धावणार कसा?

वेगाचा दुसरा परिणाम धडकेनंतर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो.

मग करायचं काय?

पहिलं, स्टेशनसमोर आणि शाळेसमोर वेग कमी झालाच पाहिजे. नुसती पाटी लावून भागत नाही. झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचलून बांधलं की गाडीवाल्याला ब्रेक मारावाच लागतो. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत पायी जाणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी तर हे आधी हवं.

दुसरं, ओलांडायचं अंतर तोडा. मध्ये थांबायला सुरक्षित जागा मिळाली तर एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघावी लागतात. पादचारी पूल हा दरवेळी उपाय नाही. डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन कोणी दोन जिने चढत नाही.

तिसरं, फूटपाथ सलग हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या निकषांत फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे खांब, डीपी, दुकानाचा माल वगळून. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले, बसायला जागा केली, तेव्हा लोक त्यावरून चालू लागले. लारीवाल्यांना हाकलून प्रश्न सुटत नाही. त्यांची जागा आखून द्या, चालायची वाट वेगळी ठेवा.

चौथं, सायकल. रंगाचा पट्टा मारला की सायकल ट्रॅक होत नाही, त्यावर दुसऱ्याच दिवशी बाइक पार्क होतात. मध्ये दगडी कठडा किंवा खांब लागतात. सायकलवाल्यांनीही रात्रपाळीहून येताना मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. खर्च किरकोळ आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198-ए आलं. ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची जबाबदारी असलेली यंत्रणा किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज कसा करावा?

"रस्ता धोकादायक आहे" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. जागा नेमकी लिहा, फोटो जोडा, फूटपाथची रुंदी टेपने मोजून टाका, ओलांडायला किती सेकंद लागतात ते लिहा. मागणी एकच ठेवा: इथे उंच झेब्रा, किंवा इथे मध्ये थांबायची जागा. सोसायटीतल्या लोकांच्या सह्या घेऊन अर्ज महापालिकेच्या आपल्या झोन ऑफिसला द्या, एक प्रत ट्रॅफिक पोलिसांना. गुजरातीत लिहिता येत नसेल तर हिंदीत लिहा. पोचपावती मात्र घ्यायला विसरू नका.

इथे मतदार यादीत नाव असो की गावी, रस्ता ओलांडणाऱ्याचा हक्क दोन्हीकडे सारखाच आहे.