लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बंद? नवी बॅटरी घेण्याआधी या गोष्टी तपासा

भुशी-लोणावळ्यात पावसाळ्यात इन्व्हर्टर का दगा देतो, घरच्या घरी काय पाहता येते आणि कुठे हात लावायचा नाही, वाचा सविस्तर

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की लोणावळ्यात पर्यटकांची रीघ लागते. धरणाच्या आसपास राहणाऱ्यांना त्याच दिवसांत वेगळी चिंता असते: लाइट किती वेळ टिकणार? ती गेल्यावर इन्व्हर्टरही सुरू झाला नाही, तर घरोघरी पहिला निष्कर्ष ठरलेला, ‘बॅटरी गेली’. नव्या ट्युब्युलर बॅटरीला दहा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष सैल वायरमध्ये, कमी झालेल्या पाण्यात किंवा जास्त लोडमध्ये असतो. त्यामुळे खर्च करण्याआधी क्रमाने तपासणी करणे फायद्याचे ठरते.

घाटमाथ्यावर हा त्रास जास्त का?

लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. याच पावसाच्या जोरावर १९१५ मध्ये टाटांचा खोपोली जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. लोणावळा, वळवण आणि शिरोता तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन तयार केलेली वीज मुंबईला मिळू लागली. मात्र वीज तयार होणे वेगळे आणि ती वाऱ्यापावसात घरापर्यंत पोहोचणे वेगळे. उघड्या तारांवर फांदी पडली किंवा खांब वाकला की पुरवठा तुटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मावळातही विजेचे खांब पडले होते.

लाइट वारंवार जाण्याचा थेट परिणाम बॅटरीवर होतो. १५० एएचची पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला साधारण १० ते १२ तास लागतात. लाइट दोन तास येऊन पुन्हा गेली, तर बॅटरी अर्धवटच भरते. असे आठवडाभर चालले की ‘बॅकअप संपला’ असे वाटते. अशी बॅटरी खराब झालेली असेलच असे नाही, ती उपाशी असू शकते. म्हणून निर्णय घेण्याआधी तिला एकदा सलग पूर्ण चार्ज मिळू द्या.

आधी लक्षण ओळखा

१. लाइट जाताच पूर्ण अंधार, इन्व्हर्टरवर एकही दिवा नाही: इन्व्हर्टरचे पुढचे बटण चुकून बंद झाले आहे का ते पाहा. बटण सुरू असेल तर बॅटरीचे टर्मिनल सैल झाले असण्याची किंवा बॅटरी पूर्ण उतरली असण्याची शक्यता मोठी.

२. काही सेकंद चालतो, बीप वाजते आणि बंद होतो: हे ओव्हरलोडचे लक्षण आहे. फ्रिज, मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याची मोटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते पाहा. सगळी उपकरणे बंद करून रिसेट करा आणि एकेक सुरू करा. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे ९०० वॉट नव्हे. तो साधारण ७०० वॉटपर्यंतच भार पेलतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना तर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो.

३. दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी संपते: कमी पाणी, अर्धवट चार्जिंग किंवा बॅटरीचे वय, यांपैकी एक कारण असते. तुलनेसाठी हिशेब असा: ७५ वॉटचे तीन पंखे, ९ वॉटचे पाच एलईडी आणि १० वॉटचा राउटर मिळून २८० वॉट होतात. १५० एएचच्या नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर हे साधारण चार तास चालायला हवे.

४. लाइट आहे, तरी इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो: आधी इन्व्हर्टरला वीज देणारा एमसीबी, प्लग आणि मागच्या बाजूचा इनपुट फ्यूज पाहा. ते ठीक असतील तर मोड तपासा. अनेक इन्व्हर्टरमध्ये ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेले की यंत्र ‘लाइट गेली’ असे समजते. कमी दाबाच्या भागात त्यामुळे लाइट असूनही बॅटरी उतरत राहते. घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर नसेल, तर नॉर्मल मोड पुरेसा असतो.

५. शेजारी उजेड आहे, पण आपल्याकडे इन्व्हर्टर लाइनचे दिवे-पंखे बंद: यंत्रच थांबले आहे. मागे बायपास स्विच असेल तर तो वळवा. लाइट असेपर्यंत घर थेट पुरवठ्यावर चालेल. बॅकअप मात्र मिळणार नाही.

बॅटरी कशी तपासायची?

पाण्याची पातळी: प्रत्येक झाकणावरचा फ्लोट लाल खुणेजवळ उतरला असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरा, हिरव्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. नळाचे, आरओचे किंवा पावसाचे पाणी चालत नाही, त्यातील क्षार आणि अशुद्धी प्लेटा खराब करतात. ॲसिड तर कधीच घालू नका. एकाच सेलचे पाणी सारखे कमी होत असेल तर तो सेल संशयास्पद. सगळ्याच सेलचे झपाट्याने आटत असेल तर इन्व्हर्टर जादा चार्जिंग करत असू शकतो.

टर्मिनल: भुशीसारख्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड लवकर साचते. त्यामुळे करंट अडतो आणि वायर तापते. साफ करण्याआधी इन्व्हर्टर बंद करा, इनपुट प्लग काढा, हातातली अंगठी-घड्याळ उतरवा. निगेटिव्ह वायर आधी सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल पुसा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून नट घट्ट करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा.

व्होल्टेज: साधा मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्जिंगनंतर बॅटरी काही तास विश्रांत ठेवून मोजा. १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ जवळच राहिला, तर सहापैकी एक सेल गेल्याची शंका घ्या. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी पंखे लावताच काही मिनिटांत १०.५ वर आली, तर तिची साठवणक्षमता संपली आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेण्यास पर्याय नाही.

बंद बंगल्यांची वेगळी अडचण

लोणावळ्यात शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले बरेच आहेत. निघताना मालक मेन स्विच बंद करतात, पण इन्व्हर्टर सुरूच राहतो. त्याच्या दृष्टीने लाइट गेलेली असते. तो राउटर आणि कॅमेरे चालवत बॅटरी पूर्ण उतरवतो. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करून निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. दर दोन महिन्यांनी एकदा चार्जिंग करा. घराची देखभाल पाहणाऱ्यांनाही हा क्रम लिहून द्या.

इथे स्वतः हात लावू नका

मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली वायर मेली, हा समज जिवावर बेतू शकतो. इन्व्हर्टर लाइनच्या सॉकेटमध्ये लाइट गेल्यावरही २३० व्होल्ट असतात. बल्ब होल्डर किंवा स्विच खोलण्याआधी इन्व्हर्टरही बंद करा.

इन्व्हर्टरचे कव्हर उघडू नका, आतील कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. जळका वास आला, वीज कडाडल्यानंतर यंत्र बंद पडले किंवा फ्यूज बदलल्यावर लगेच पुन्हा उडाला, तर काम तंत्रज्ञाचे आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ उदबत्ती, काडेपेटी, सिगारेट नको. पावसात थंडी आत येते म्हणून खोलीची सगळी हवा कोंडू नका. बॅटरी फुगली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर इनपुट बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर या. चार्जिंग सुरू असताना टर्मिनल सोडवू नका, ठिणगी पडू शकते.

तक्रार कुठे करायची?

परिसरातच लाइट नसेल किंवा दाब सतत कमी असेल, तर महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. वॉरंटीत असलेल्या बॅटरीबाबत विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी खरेदीचे बिल आणि तारखेसह भरलेले वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका. तिच्यात शिसे आणि ॲसिड असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे देण्याची जबाबदारी ग्राहकावरही आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात परत दिल्यास किमतीत सूटही मिळते. ही रक्कम बिलावर लिहून घ्या.