शिरवळपर्यंत पोचलेली चाचणी

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ-खंडाळ्याकडच्या पालकाला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत त्या नावाचा विषयच असतो. पूर्वी चौथी-सातवीला असणारी ही परीक्षा 2017 पासून पाचवी-आठवीला होऊ लागली. अंकमालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेतले स्थान या प्रश्नांचा सराव शिक्षक जादा तास घेऊन करवून घेतात. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत आणि आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत मानसिक क्षमता चाचणी असते. 1961 साली साताऱ्यात सुरू झालेल्या, देशातल्या पहिल्या सैनिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेतही बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. या परीक्षांनी खेड्यातल्या मुलांना पुढे जायला वाट करून दिली, हे मान्यच आहे. पण मराठी मुलखातल्या मानसशास्त्रीय चाचण्यांची गेली नव्वद वर्षे पाहिली की एक गोष्ट बोचत राहते. मुले निवडणारी चाचणी गावोगाव पोचली; आणि ज्या मुलाचे अडते आहे त्याचे नेमके कुठे अडते हे शोधणारी चाचणी मोठ्या शहरांच्या फारशी पुढे सरकली नाही. खरे तर मुळात चाचणी जन्माला आली होती या दुसऱ्या कामासाठी.

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली मोजपट्टी तयार केली, तेव्हा प्रश्न असा होता की नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे शिक्षण द्यायचे, तर ती मुले ओळखायची कशी. केवळ शिक्षकाच्या मतावर सोडले तर नकोसे झालेले मूल वर्गाबाहेर काढले जाईल, ही बिने यांची काळजी होती. ही मोजपट्टी आपल्याकडे आणली व्ही. व्ही. कामत यांनी. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती त्यांनी केली. तिच्यावरचा त्यांचा लेख 1934 साली निघाला आणि पुस्तक 1940 साली. हे काम भाषांतराच्या पलीकडचे होते. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला जमायला हवा, हे इथल्या मुलांना विचारून ठरवावे लागते. पुढे नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी वेक्सलरची बालकांसाठीची चाचणी आणि मुलाच्या रोजच्या वागण्यावरून सामाजिक परिपक्वता मोजणारी व्हाइनलँड मोजपट्टी, दोन्हींची भारतीय रूपे केली. मुंबईत 1937 सालीच टाटांच्या समाजकार्य संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. म्हणजे सुरुवात लवकर झाली होती, आणि आपल्या भाषेतून झाली होती.

त्यानंतर ओघ निवडीकडे वळला. 1962 साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तिथे प्रज्ञावान मुले मानसशास्त्रीय चाचण्यांतून निवडली गेली. निवडलेल्या मुलांना काय द्यायचे याचा विचार तिथे आधी झाला होता, म्हणून तो प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. सगळीकडे तसे झाले नाही. 2016 साली राज्याने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली आणि कृषीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रांतला कल सांगणारा अहवाल मुलांच्या हाती दिला. पण तो अहवाल समोर ठेवून मुलाशी तासभर बोलणारा समुपदेशक बहुतेक शाळांत नव्हता, आणि त्या बोलण्याशिवाय कल चाचणी अपुरीच राहते.

दरम्यान मदतीची मोजपट्टी जुनी होत गेली. बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीसुद्धा. संशोधक जेम्स फ्लिन यांनी 1984 साली दाखवले की अमेरिकेत दर दहा वर्षांमागे सरासरी बुद्ध्यांक साधारण तीन गुणांनी वाढत होता. शाळा, आहार, चित्रे आणि छापील मजकूर यांची सवय वाढली की मुले असे प्रश्न अधिक सहज सोडवतात. मग जुन्या सरासरीशी तुलना केली की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो. बौद्धिक अक्षमतेची रेषा सत्तरच्या आसपास असते. खऱ्या अर्थाने मदतीची गरज असलेले मूल कागदावर त्या रेषेच्या वर जाते आणि हक्काला मुकते.

भाषेचेही तसेच. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्राने 1996 पासून परीक्षेत सवलती दिल्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अक्षमता यादीत घेतली. पण तपासणीची बरीच साधने इंग्रजी वाचनावर बेतलेली होती. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच पक्का आहे. त्यामुळे वाचनाची अडचण असलेले मूल चुकीचे वाचण्यापेक्षा फार हळू वाचते, जोडाक्षराशी थबकते. इंग्रजीच्या चुका शोधणाऱ्या चाचणीला ते सापडत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही डिस्लेक्सियाची तपासणी तयार केली, ती या दृष्टीने मोलाची आहे.

चाचणीने मुलावर शिक्का बसतो, हा आक्षेप हलका नाही. ‘मतिमंद’ हा शब्द गावात एकदा चिकटला की भावंडांच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. पण शिक्के चाचणीची वाट पाहत नाहीत. आळशी, ढ, वांड हे शब्द आधीच बसलेले असतात आणि त्यांत कारण कुठेच नसते. ऐकू कमी येते, अक्षर ओळखायला वेळ लागतो, लक्ष टिकत नाही की घरात भीती आहे, हे वेगळे करून सांगणारा कागद त्या शब्दांपेक्षा दयाळू असतो. दुसरा आक्षेप असा, की चांगल्या शिक्षकाला मूल चाचणीशिवाय कळते. कळते, पण सगळे मूल कळत नाही. वर्गात दंगा करणारा लगेच दिसतो. खिडकीपाशी गप्प बसून तास हरवणारी मुलगी दिसत नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही. शिक्षकाचे निरीक्षण चाचणीत हवेच, आणि वर्तनाच्या मोजपट्ट्या शिक्षक-पालकांनाच प्रश्न विचारतात. तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मानतो: एकाच दिवशी, अनोळखी माणसासमोर, घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत घेतलेल्या चाचणीचा आकडा विश्वासाचा नाही. शिरवळच्या कारखान्यांमुळे तिथल्या वर्गात परप्रांतातून आलेली मुलेही बसतात, म्हणून तिथे हे अधिकच खरे.

शिरवळ पुणे-सातारा रस्त्यावर जवळजवळ मध्यावर आहे. अशा ठिकाणी चाचणीसाठी मोठ्या शहरात जायचे, तर एका पालकाची पाळी आणि दिवसाची मजुरी बुडते. अहवालासाठी पुन्हा जावे लागते. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते, आणि विकासातला विलंब हा त्याच्या तपासणीचा भागच आहे. त्या पथकाने संशय नोंदवलेल्या मुलासाठी महिन्यातून एक दिवस मानसशास्त्रज्ञ ग्रामीण रुग्णालयात बसवता येईल. शिक्षकाने भरलेला वर्तनाचा तक्ता त्याच्या हाती आधी द्यावा, आणि अहवाल मराठीत लिहून आकड्याच्या खाली पुढच्या सहा महिन्यांत वर्गात काय करायचे ते चार ओळींत नमूद करावे.