छपरावरचा सिमेंट पत्रा आणि नगरपंचायत

अॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही आणि ओढले तरी सहजी तुटत नाही. सिमेंटमध्ये हे तंतू कालवले की पातळ, नागमोडी, हलका आणि स्वस्त पत्रा तयार होतो. साधारण पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. बाकी सिमेंट आणि राख. बाजारात त्याला कोणी अॅस्बेस्टॉस म्हणत नाही, ‘सिमेंट पत्रा’ एवढेच म्हणतात. त्यामुळे आपल्या डोक्यावर काय आहे हे बहुतेक घरमालकांना ठाऊक नसते.

वर्धा जिल्ह्यातले सेलू हे वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. या भागातली जुनी घरे कवेलूंची, म्हणजे कौलांची. कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात, ते फेरणारे हात कमी झाले आणि वानरांच्या टोळ्यांनी उरलेसुरले कवेलू फोडले. लोक टिनाकडे आणि सिमेंट पत्र्याकडे वळले. टिनाच्या मानाने सिमेंट पत्रा उन्हाळ्यात कमी तापतो, पावसात कमी वाजतो आणि गंजत नाही. गोठे, गोदामे, दुकानांचे पुढचे छप्पर, न्हाणीघरे, कापसाच्या जिनिंगची शेडे अशा सगळ्या ठिकाणी तो पोचला. विदर्भातल्या माणसाने हा पत्रा निवडला तो विचार करूनच, हे ध्यानात ठेवले नाही तर त्याच्या धोक्यांबद्दलचे बोलणे फुकटच्या उपदेशासारखे वाटते.

धोका आहे तो तंतूंचा. अखंड पत्र्यात ते सिमेंटने धरून ठेवलेले असतात आणि हवेत फारसे येत नाहीत. पत्रा कापला, भोक पाडले, आपटून फोडला, घासला किंवा वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसाने त्याचा वरचा थर झिजला की तंतू सुटतात. ते डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. श्वासावाटे फुप्फुसात खोल गेले की शरीराला त्यांचा नायनाट करता येत नाही. फुप्फुस कडक होत जाण्याचा अॅस्बेस्टॉसिस हा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग हे त्याचे परिणाम. आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी आलेल्या अॅस्बेस्टॉस-संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात. संघटनेच्या मते अॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत. भारतीय पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा प्रकार, क्रिसोटाइल, त्याला अपवाद नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून भारतात अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबले. वापर मात्र थांबला नाही. कच्चा माल परदेशातून येतो आणि भारत हा त्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ लांब असेल तेवढा, जपून ठेवण्याचे बंधन घातले आणि बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली. मुंबईतल्या एका कारखान्यात पुढे झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला अॅस्बेस्टॉसिस आढळला होता, तेव्हा न्यायालयाची काळजी अनाठायी नव्हती. पण निकाल, कारखान्यांबद्दलचे कायदे आणि त्यांखालचे नियम ही सगळी रचना पत्रा बनवणाऱ्यांसाठी आहे. पत्रा चढवणारा, उतरवणारा आणि फुटलेले तुकडे उचलणारा तिच्या बाहेर राहतो. तो माणूस काम करतो गावात, आणि गावाची जबाबदारी असते स्थानिक संस्थेवर.

बंदी असलेल्या देशांत स्थानिक संस्थेचे काम त्या मानाने सोपे असते. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस संपूर्ण बंदी आली. त्यानंतर बांधलेल्या घरात अॅस्बेस्टॉस नसणार असे धरून चालता येते, आणि जुन्या घरांसाठी नगरपालिकांचे नियम ठरलेले आहेत: पत्रा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, वर खूण करायची, ठरलेल्या कचराभूमीवरच न्यायचा. पोलंडने २०३२ पर्यंत देशातला सगळा अॅस्बेस्टॉस काढून टाकण्याचा कार्यक्रम आखला. त्यात पहिले काम ग्रामपातळीच्या संस्थांवर सोपवले गेले, आणि ते काम होते कोणत्या घरावर किती पत्रा आहे याची यादी करण्याचे. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात सरकारनेच खेड्यांतली गवती छपरे काढून अॅस्बेस्टॉसची छपरे बसवायला लावली होती. आता तिथल्या स्थानिक संस्था तीच छपरे उतरवायला अनुदान देतात.

भारतात बंदीची तारीखच नाही. गेल्या वर्षी बांधलेल्या गोठ्यावरही अॅस्बेस्टॉस असू शकते. बाजारात आता कृत्रिम धाग्यांचे, अॅस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रेही मिळतात, आणि दोन्ही दिसायला सारखेच. फरक प्रयोगशाळेतच कळतो. अशा स्थितीत कुठल्याही नगरपंचायतीने प्रत्येक नागमोडी सिमेंट पत्रा अॅस्बेस्टॉसचा धरूनच चालावे, हे शहाणपणाचे.

यादीचा प्रश्न इथेही पहिलाच. २०११ च्या जनगणनेत छपरांची नोंद झाली, पण टिन, इतर धातूचे पत्रे आणि अॅस्बेस्टॉस एकाच रकान्यात घातले गेले. म्हणून किती घरांवर कोणता पत्रा आहे हे जनगणनेवरून सांगता येत नाही. नगरपंचायतीकडे मात्र स्वतःचे साधन आहे. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची करआकारणी नव्याने करावी लागते. त्यासाठी माणसे घरोघर जातात, मोजमाप घेतात, बांधकामाचा प्रकार लिहितात. त्याच तक्त्यात ‘सिमेंट पत्रा: शाबूत, तडकलेला की फुटलेला’ एवढा एक रकाना वाढवला तर वेगळ्या सर्वेक्षणाचा खर्च न करता गावाचा नकाशा तयार होतो. हा रकाना कर वाढवण्यासाठी नाही, हे आधी जाहीर करावे लागेल, नाहीतर कोणी खरी माहिती देणार नाही.

नगरपंचायतीच्या हातातली दुसरी संधी घरकुलाची. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात लाभार्थी स्वतःच्या जागेवर घर बांधतो आणि हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात. प्रत्येक टप्प्याला जागेवर येऊन छायाचित्र आणि जागेची नोंद घेतली जाते. जुने घर पाडताना छप्पर आधी उतरते. पहिल्या हप्त्याच्या वेळीच लाभार्थ्याला आणि त्याच्या मिस्त्रीला पत्रा कसा उतरवायचा हे सांगितले, तर ज्या दिवशी धोका सर्वांत जास्त असतो त्या दिवसाच्या आधी माहिती पोचते. बांधकाम परवानगी आणि धोकादायक इमारत पाडण्याची नोटीस हेही नगरपंचायतीचेच अधिकार आहेत. मोडकळीला आलेले घर पाडायला सांगणाऱ्या नोटिशीत पत्र्याबद्दल चार ओळी घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

उतरवण्याची रीत अवघड नाही, पण ती पाळावी लागते. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, म्हणजे धूळ उडत नाही. आकडे आणि नट सोडवून तो अखंड काढायचा. घण मारून पाडायचा नाही, ग्राइंडरने कापायचा नाही. खाली फेकायचा नाही, हातोहात उतरवायचा. पडलेली भुकटी कोरड्या झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. तोंडाला रुमाल पुरत नाही. बारीक कण अडवणारा मास्क लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, कारण कपड्यांवरची धूळ घरातल्या बायकांना आणि मुलांनाही बाधते. आणि जुन्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. हा शेवटचा धोका वीस वर्षांनी नव्हे, त्याच क्षणी जीव घेतो. पत्रा वरून भक्कम दिसतो आणि माणसाच्या वजनाने आरपार फुटतो.

हे सगळे करणारा माणूस म्हणजे मिस्त्री, वेल्डर, त्यांच्याबरोबरचा मजूर. त्यांच्याशी नगरपंचायतीचा संबंध येतो तो आणखी एका वाटेने. इमारत व इतर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्यांत स्थानिक संस्थेचे अधिकारीही असतात. दाखला घ्यायला आलेल्या प्रत्येक कामगाराच्या हातात एक साधे मराठी पत्रक द्यावे, ही फारच छोटी अपेक्षा आहे. जुन्या कामगारांच्या छातीची तपासणी करायची तर सेवाग्राम आणि सावंगी येथील दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यातच आहेत. मात्र रुग्ण कधी काळी पत्र्याचे काम करत होता हे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही, तर खोकला आणि दम यांचे निदान क्षयरोग, दमा किंवा बिडी यांवरच थांबण्याची भीती असते.

सर्वांत मोठा गोंधळ फुटलेल्या पत्र्याचा होतो. अवकाळी वादळ आणि गारपिटीनंतर पंचनामे होतात, मदतीची चर्चा होते, आणि तुकड्यांचे काय करायचे हे कोणी बोलत नाही. ते तुकडे कुंपणाला लावतात, न्हाणीच्या आडोशाला उभे करतात, पावसाळ्यात गोठ्यापुढच्या चिखलावर टाकतात. गाडीच्या चाकाखाली आणि जनावरांच्या खुराखाली त्यांची भुकटी होते. उन्हाळ्यात ती भुकटी वाऱ्यावर उडते. छपरावरच्या शाबूत पत्र्यापेक्षा अंगणातले हे तुकडे कितीतरी घातक. घंटागाडीत ते टाकले तर सफाई कामगाराच्या हाताखाली पुन्हा फुटतात.

कायदा इथे अर्धवट आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत टाकाऊ अॅस्बेस्टॉस आहे, पण ते अॅस्बेस्टॉसचा माल बनवण्याच्या प्रक्रियेतून निघालेला कचरा म्हणून. घरावरून उतरलेल्या पत्र्याचे नाव तिथे स्पष्टपणे घेतलेले नाही. पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या कचराकर्त्यांवर बंधने घातली. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणारा तो मोठा. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांतली उत्पादकाची जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. सेलूतले दोन खोल्यांचे घर या सगळ्या आकड्यांच्या खूप खाली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११७६८ हे मानक अॅस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीबद्दलच आहे, पण ते वाचून घरमालक काही करेल ही अपेक्षा चुकीची. ते नगरपंचायतीच्या अभियंत्याच्या टेबलावर असायला हवे.

विल्हेवाटीची जागा मात्र फार दूर नाही. विदर्भातल्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे आणि तो शास्त्रीय पद्धतीने पुरणारे सामायिक केंद्र बुटीबोरीत आहे, म्हणजे सेलूहून नागपूरला जाणाऱ्याच रस्त्यावर. एकट्या घरमालकाला तिथवर दहा पत्रे नेणे परवडणार नाही. नगरपंचायतीने पत्रे ओले करून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका कुलूपबंद, छप्पर असलेल्या जागेत साठवले आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून वर्षातून एक-दोनदा एकत्र पाठवले, तर खर्च वाटला जातो. आसपासच्या गावांची आणि सिंदी (रेल्वे) नगरपरिषदेची साथ मिळाली तर तो आणखी कमी होईल.

जमिनीखालच्या जलवाहिन्यांचा मुद्दा वेगळा आहे. राज्यातल्या अनेक जुन्या पाणीयोजनांत अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप वापरले गेले. पाण्यातून पोटात जाणाऱ्या तंतूंमुळे आजार होतो असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही, म्हणून नळाच्या पाण्याबद्दल घबराट पसरवू नये. धोका आहे तो गळती काढताना पाइप कापणाऱ्या प्लंबरला. बाद झालेला पाइप जमिनीतच राहू देणे हे बहुतेक वेळा उकरून काढण्यापेक्षा सुरक्षित असते.

शाळा आणि अंगणवाड्यांच्या बाबतीत नगरपंचायतीचे हात बांधलेले आहेत. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर बदलायचा निर्णय जिल्हा परिषदेचा. पण तडकलेल्या पत्र्याखाली मुले बसतात हे लेखी कळवणे आणि पाठपुरावा करणे नगरपंचायतीला कोणी अडवत नाही. पैसा थोडा असेल तर सुरुवात शाळेपासूनच व्हावी. लहान मुलाच्या पुढे आयुष्याची वर्षे जास्त, म्हणून आजार उमटायला वेळही जास्त मिळतो.

पर्यायांचा विचार वर्ध्यात पूर्वीपासून झालेला आहे. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्या एकमेकींत गुंफून कमानी छप्पर करण्याचे तंत्र या जिल्ह्यात वापरून दाखवले. अशा छपराला लाकूड आणि लोखंड फारसे लागत नाही आणि ते उन्हाळ्यात थंड राहते. प्रत्येक गोठ्यावर ते परवडणार नाही. तिथे रंग दिलेला टिन किंवा अॅस्बेस्टॉसविरहित पत्रा चालेल.

सेलूत ज्यांच्या घरावर, गोठ्यावर किंवा दुकानावर सिमेंट पत्रा शाबूत आहे त्यांनी तो आज उतरवण्याची घाई करू नये. तडा गेला असेल, घर पाडायचे असेल किंवा वादळाने पत्रा फुटला असेल, तर हात लावण्याआधी नगरपंचायतीला लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि तुकडे नेण्याची सोय होईपर्यंत ते ओले करून प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावेत.